वांग्याच्या मुळांतल्या गाठी

नेसरीच्या शिवारात सयाजीच्या वांग्याच्या रानात अख्खं गाव लोटलं होतं. आकाराम देवरुष्यानं डोळे मिटले, एक पिवळं रोप उपटलं आणि वर धरून नाचवलं. मुळं गाठीगाठींनी सुजलेली.

"बघा! जमिनीच्या पोटात कुणी मारल्या ह्या गाठी? करणी हाय! जिच्या रानातनं पाणी येतंय, तिनंच मंतरलंय!"

पाणी खैरुनबीच्या रानातून येत होतं. नवऱ्यामागं एकटीनं भाजी पिकवणारी ती बाई बांधावर उभी होती.

"गावाबाहेर काढा तिला!" गलका झाला.

संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर गणपतराव देवीची लस टोचायला गावात आले होते. सकाळपासून आयांची समजूत घालून त्यांचा घसा बसला होता. गेल्या साली दुसऱ्या गावात असाच वाद घातला, कुणी ऐकलं नव्हतं. गुमान निघून जावं, असं वाटलं. पण खैरुनबीचा चेहरा पाहून पाय निघेना.

"बाई, तुमच्या रानातलं एक रोप उपटा."

तिनं उपटलं. तशाच गाठी.

"हिनं स्वतःच्याच पिकावर करणी केली होय?"

"मंतर उलटलाय की!" आकाराम ठसक्यात म्हणाला.

"मग तुमच्या घरामागच्या परड्यातलं वांगं उपटू."

"तिथं देवाचा पहारा हाय!" म्हणत तो आडवा आला. तोवर सयाजीची बायको धोंडुबाई शेजारच्या त्या परड्यात शिरलीसुद्धा. तिनं आणलेल्या मुळांवर सगळ्यात मोठ्या गाठी होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

गणपतरावांनी एक गाठ चाकूनं चिरली आणि सयाजीच्या हाती भिंग दिलं.

"काय दिसतंय?"

"पांढरं... मोत्यागत बारीक."

"कृमीची मादी आहे ती. दोऱ्याहून बारीक असताना मुळात शिरते, तिथल्या पेशींत लाळ सोडते. मग त्या पेशी दुभंगायचं सोडून नुसत्या फुगतात आणि तिला आयतं खायला घालतात. भोवतालचं मूळ सुजतं, तीच गाठ. वर पानांना पाणी पोचत नाही."

"पर हे किडं सोडलं कुणी?" मागून आवाज आला.

गणपतराव थकून बांधावर टेकले. "कुणी नाही. मातीतच असतात. पाण्यानं, रोपांनी पसरतात. बाबांनो, पीक वाळलं तर मुळात शोधा, शेजारणीत नको. ही रोपं जाळा आणि दोन साल तिथं जोंधळा पेरा."

गर्दी पांगली. आकाराम कधीच सटकला होता. खैरुनबीची माफी मात्र कुणी मागितली नाही. धोंडुबाईनं पदर खोचला आणि ती बांध ओलांडून खैरुनबीच्या रानात गेली.

"कुठनं उपटायला घ्यायचं, खैरुन?"

खैरुनबीनं पहिल्या सरीकडं बोट दाखवलं.