नऊ नंबरचे बूट

राजेश्रीचं पत्र येऊन सतरा दिवस झाले होते आणि बन्सीधरसरांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र उसाच्या फडावरून आलं होतं. "सर, माझी वैष्णवी वर उंबरदऱ्याला सासूपाशी हाय. मिशनचे ब्रदर तिच्या फिटच्या गोळ्या विस्तवात टाका म्हणायलेत. ते लंगड्याचा पाय लांब करतात म्हणून सासूचा लय विश्वास बसलाय. तुमी खरंखोटं लिहून पाठवा. सासू तुमचं मानती."

राजेश्री शिकली त्या सोनपेठच्या शाळेच्या ग्रंथालयात सरांनी जन्मभर पुस्तकं वाटली. स्वतःचं मत कधी कुणाला दिलं नाही. 'आपल्याला काय कळतं?' म्हणत त्यांनी चार कागद फाडले. अठराव्या दिवशी मात्र ते निघाले.

उंबरदऱ्याला एसटी जात नाही. डोंगराच्या पायथ्याशी मिशनची जीप उभी होती.

"बसा काका, प्रभूचीच गाडी आहे," ब्रदर प्रीतम म्हणाले.

नको म्हणायचा धीर नव्हता, म्हणून सर बसले. पायाशी खोकं होतं, त्यात पांढरे कॅनव्हासचे बूट. तळ पाहिले तर सगळे नऊ नंबरचे. लहानमोठ्या सगळ्या पायांना एकच माप! सरांना नवल वाटलं, पण विचारवलं नाही.

शाळेच्या पटांगणात सारा गाव लोटला होता. पुढे शेगडी धगधगत होती. औषधं तिच्यात टाकायची. आलेल्या प्रत्येक रोग्याला आधी बूट चढवले जात. गुडघेदुखीचे दत्तराव खुर्चीवर बसले. ब्रदरांनी त्यांचे दोन्ही पाय समोर उचलून धरले.

"पाहा! डावा पाय आखूड!"

खरंच, डावा बूट दोन बोटं मागे होता.

"सैताना, सोड! हाडा, वाढ!" ब्रदर गरजले. जणू हाड म्हणजे वेलीवरचा दोडका. बघता बघता दोन्ही बूट बरोबरीला आले. बाया रडू लागल्या.

"आता गोळ्या टाका! गोळी म्हणजे अविश्वास!"

वैष्णवीचा हात धरून तिची आजी पारूबाई पुढे आली. गोळ्यांची पुडी धरलेला तिचा हात शेगडीवर गेला.

"पारूबाई, थांबा!"

आवाज फाटका निघाला. सारा गाव वळला. सरांना जमिनीत शिरावंसं वाटलं. ब्रदरांकडे पाहायची छाती नव्हती, म्हणून ते शेजारी बसलेल्या आप्पारावांकडे वळले. आप्पारावांचं आयुष्य बैलांच्या बाजारात गेलेलं.

"आप्पाराव, बैल कसा पारखता?"

"चालवून बघतो. खूर उचलून बघतो."

"आणि कुणी खुराला चिंध्या गुंडाळून आणला तर?"

"हाकलून देतो भाड्याला!"

"मग दत्तरावांचे बूट काढा की."

हशा पिकला. "काका, प्रभूची परीक्षा पाहू नका!" ब्रदर ओरडले.

"प्रभूची न्हाई ओ, तुमची बघायलोय," म्हणत आप्पारावांनी बूट उपसले. उघडे पाय बरोबरीचे. "हे तर जलमापासून सारखेच हायत!"

सर गुडघ्यावर बसले. त्यांनी दत्तरावांना बूट परत चढवले आणि उजवा दोन बोटं पुढे ओढला. ढगळ बूट, आत टाच रिकामी. डावा पाय लगेच आखूड दिसू लागला. मग "हाडा, वाढ" असं पुटपुटत त्यांनी उजवा बूट हळूच आत ढकलला. दोन्ही सारखे.

"पाय वाढत नाही. बूट सरकतो."

"आन् दत्तराव, गुडघा?" कुणीतरी ओरडलं.

"आत्ताबी ठणकायलाय की!"

ब्रदर खोकं आवरू लागले. त्यांना अचानक दुसऱ्या गावची घाई झाली होती.

पारूबाई पुडी घट्ट धरून उभी होती. "पर सर, देवाचं नाव घेत व्हते ते."

"सोनपेठच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी या गोळ्या दिल्या, त्याही येशूलाच मानतात. प्रार्थना करतात आणि औषधही देतात. तुम्ही हवी ती प्रार्थना करा, गोळी चुकवू नका. उद्या कुणी भगवा घालून आला, तरी आधी खूर उचलून बघा."

पारूबाईनं पुडी पदराला बांधली. "राजेश्रीला कळवा सर. मला लिव्हता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी एकाच बैठकीत लिहिलं: "चि. राजेश्री, उशीर झाला, चूक माझी. वैष्णवीनं काल संध्याकाळची गोळी माझ्यादेखत घेतली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. चमत्कार दाखवणारा कुणीही असो, बघण्याची लाज धरू नये. मी सतरा दिवस धरली."

टपालपेटीच्या तोंडाशी हात क्षणभर अडला. आपल्याला काय कळतं? एवढं कळतं, ते स्वतःशी म्हणाले, आणि पत्र सोडून दिलं.