पाल्याखालून वर येऊ का?

मित्रांनो, मी एक जुना निशिगंधाचा कंद आहे. जन्मलो पुण्यात, पण अनुपमाताईंच्या बॅगेत, एका लोकरी मोज्यात बसून आखातातल्या रास अल खैमाला आलो. तेव्हापासून माझा गोंधळच उडालेला आहे.

पहिल्या वर्षी मला फुलांचा लांब दांडा आला. ताई व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना वास सोडून बाकी सगळं दाखवत होत्या! मग माझं कौतुक संपलं. आम्हा कंदांना पुन्हा फूल येत नाही. येतं ते कुशीतल्या पिल्लांना. माझ्याही कुशीत एक पिल्लू वाढत होतं. त्याने उजेड पाहावा, एवढीच माझी इच्छा होती.

पण वर यायची वेळ कोणती, तेच कळेना. ताईंचे यजमान गुणवंतराव संध्याकाळी दारातल्या वाफ्यात आमच्यावर कडुनिंबाचा वाळका पाला पसरत. सकाळी ताई खराट्याने तो झाडून नेत.

"दारात कचरा कसा दिसतो?"

"अगं, हे मल्चिंग आहे! उन्हाने कंद खलास होतील."

पाला आला की गारवा, गेला की भट्टी. पिल्लू विचारी, "वर येऊ का?" मी कधी ये म्हणे, कधी थांब म्हणे. बापच गोंधळलेला, तर लेकराने काय करावं?

मार्चमध्ये गुणवंतराव इरेला पेटले. त्यांनी टोपलीभर पाला आमच्यावर दाबून भरला. नेमका तेव्हाच पिल्लाला कोंब फुटला होता. तो अंधारात वाकडातिकडा होऊन पिवळा पडू लागला. मी फार घाबरलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ताई खराटा घेऊन तावातावाने आल्या. "उद्या गुढी उभारायची आणि दारात हा उकिरडा? यल्ला, चला, आधी हा काढते!"

त्यांची लेक ईश्वरी शेजारीच उकिडवी बसली होती. खराट्याने वरचा पाला सरकताच ती ओरडली, "आई, स्टॉप! देअर्स समथिंग येलो!"

खराटा थांबला. गुणवंतराव धावत आले. दोघंही वाकली.

"अहो, हा गुदमरला होता की!"

"आणि तुझ्या खराट्याने मोडला असता."

दोघंही ओशाळली. ईश्वरीने बोटांनी कोंबापुरता पाला बाजूला सारला आणि बाकीचा मुळांवर तसाच राहू दिला.

पुढे त्या कोंबाला दांडा आला, फुलंही आली. मी आता सुकत चाललो आहे. मित्रांनो, पाला सगळा झाडून नेऊ नका आणि सगळा लादूही नका. आधी वाकून पाहा. खाली कुणीतरी "वर येऊ का?" म्हणून विचारत असतं, आणि त्याच्या बापाला उत्तर ठाऊक नसतं.