कोरिनाचं टेबल
डेल्बर्टला एकवीस बेरजेच्या जुगारात पत्ते मोजता येत होते, पण कुणाचं फुकट घ्यायला त्याचा जीव धजत नव्हता, आणि तिथेच त्याने माती खाल्ली.

ही विद्या त्याला त्याचा जुना जोडीदार लाइलने शिकवली. लहान पत्ता गेला की मनात एक मिळवायचा. एक्का, दश्शी किंवा चित्र गेलं की एक वजा करायचा. आकडा चढला म्हणजे उरलेल्या गड्डीत मोठे पत्ते जास्त, तेव्हा डाव वाढवायचा. गुन्हा नाही हा. पण रीनोतल्या कॅसिनोवाल्यांना संशय आला की हाकलतात आणि फोटो गावभर फिरवतात. म्हणून बावळटाचं सोंग हवं. डेल्बर्ट बोटांवर बेरीज करायचा.

"आणि एका डीलरला चिकटू नकोस," लाइल दर वेळी बजावायचा.

पण पत्ते वाटणारी कोरिना मेंडिओला पिवळं कार्ड गड्डीच्या पार तळाशी खोचायची. ते कार्ड येईपर्यंत पत्ते वाटत राहायचे, असा नियम. म्हणजे तिच्या टेबलावर जवळजवळ सगळे पत्ते डोळ्यांखालून जायचे. मोजणाऱ्याला आणखी काय हवं? चार महिने दर मंगळवारी सकाळी डेल्बर्ट तिच्याच पुढ्यात. ती त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, भलताच पत्ता मागितला तर "नक्की ना?" म्हणून विचारायची. या बाईच्या सवयीवर आपण जगतोय, हे त्याला खायला लागलं. मग मोठा डाव लावला की शेजारी पैशांची एक चिप तो तिच्या नावाने ठेवू लागला. तो जिंकला की तीही जिंकायची.

"मोजणारा टिप देत नसतो, येड्या," लाइल म्हणाला. "दानधर्म करायचाय तर चर्चमध्ये जा."

एका मंगळवारी टेबलामागे दुसराच माणूस उभा होता. "कोरिनाला घरी बसवलंय," तो पुटपुटला. "एका म्हाताऱ्याला पत्ते सांगते म्हणे. तो डाव वाढवतो तेव्हाच तिचीही चिप लागते. वाटणी, दुसरं काय? शुक्रवारी फैसला आहे."

तो म्हातारा म्हणजे आपणच, हे डेल्बर्टला उमगलं. तरी तो मुकाट्याने घरी गेला आणि तीन दिवस तोंड शिवून बसला. बोललं तर रीनोतलं प्रत्येक दार बंद. साठी उलटल्यावर दुसरा धंदा कुठला शोधायचा? भेकड होता, आणि ते त्याचं त्याला कळत होतं.

शुक्रवारी मात्र तो मॅनेजर हॅल्व्हर्सनच्या खोलीत शिरला. कोरिना दोन्ही तळवे पुढे करून बोलत होती.

"एकोणीस वर्षं टेबल सोडताना टाळी वाजवून हे हात कॅमेऱ्याला दाखवतेय. कधी काही चिकटलं होतं का हाताला? आणि हे बघा, हेच ते गृहस्थ. बिचाऱ्यांना सोळापर्यंत बेरीज जमत नाही, यांना सांगून तरी काय उपयोग?"

ती त्याचीच बाजू घेत होती. डेल्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जमते," तो म्हणाला. "मी पत्ते मोजतो. हिला यातलं काही माहीत नाही. तिच्या नावाच्या चिपा मी लाजेपोटी लावल्या."

हॅल्व्हर्सनने ड्रॉवरमधून गड्डी काढली आणि भराभर अर्धी उलटली. डेल्बर्टने आकडा सांगितला. तो बरोबर निघाला.

"फोटोवाल्याला बोलवा," हॅल्व्हर्सन फोनवर म्हणाला. मग कोरिनाकडे वळला. "चोरीचा ठपका काढला. पण चार महिने हा तुझ्या नाकासमोर बसला आणि तुला कळलं नाही. असा डीलर मला नको."

डेल्बर्टने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. हॅल्व्हर्सन कागद चाळत राहिला.

कोरिनाने पर्स उचलली. दारापाशी ती थांबली.

"माझ्याशी बोलायचात, तेही सोंगच होतं का?"

"सुरुवातीला," तो म्हणाला.

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. "नंतर नाही," असं तो म्हणाला तेव्हा खोलीत फोटोवाला आलेला होता, आणि त्याने डेल्बर्टला भिंतीला पाठ लावून सरळ बघायला सांगितलं.