पॅलिस्टर लिमिटेडचा बदली माणूस

इंग्लंडातल्या स्टॉकटनच्या रसायन कारखान्यात नकाशांच्या खात्यात नॉर्मन पॅलिस्टर अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसला होता. ती खुर्ची त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती, की दुसरा कुणी टेकला तर ती त्याला ढकलून द्यायची, असं तिथले लोक शपथेवर सांगत. काम पाईपांचं. कुठला पाईप कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे त्याला झडप बसते, ते कागदावर काढायचं. पण नॉर्मन कारखान्याचा नोकर नव्हता, कंत्राटी होता. त्याची स्वतःची कंपनी होती, पॅलिस्टर पायपिंग लिमिटेड. डायरेक्टर नॉर्मन, कामगार नॉर्मन, शिपाईही तोच. वर्षातून एकदा स्वयंपाकघरात वार्षिक सभा भरे. ठराव नॉर्मन मांडी, आणि त्याची बायको ग्लेनिस बटाटे सोलता सोलता अनुमोदन देई.

जानेवारीत कर्मचारी खात्याच्या मिस डनिंगचं पत्र आलं. करखातं कडक झालंय, कंपनीचा मुखवटा घातलेले नोकर त्याला चालत नाहीत. मार्चअखेर आपली कंपनी खरी आहे हे सिद्ध करा, नाहीतर छत्री कंपनीत जा. दोन्ही जमत नसेल तर नमस्कार.

छत्री कंपनी म्हणजे काय, हे विल्फ रेस्ट्रिकपेक्षा चांगलं कोण सांगणार? विल्फ नॉर्मनचा जुना जोडीदार, त्याच धंद्यातला. सध्या दोन कामांच्या मधल्या फटीत पबमध्ये बसून होता.

"छत्रीत ये रे नॉर्म. तू त्यांचा नोकर. कारखाना पैसे त्यांना देतो, ते कर कापून उरलेले तुला देतात. डोक्याला ताप नाही."

"कापतात काय काय, तेही सांग ना! तुझा कर कापतात, ते ठीक. पण मालकाने सरकारला भरायचा वाटा, तोही तुझ्याच पैशातून. वर छत्री धरल्याची हमाली!"

"मग तुझ्या लिमिटेडात मालक कोण रे?"

"मी. दारावर पाटी आहे माझ्या नावाची."

"कुठल्या दारावर?"

"गॅरेजच्या." नॉर्मनने ग्लास तोंडाला लावला. "आतल्या बाजूने. ग्लेनिस बाहेर लावू देत नाही."

विल्फ इतका हसला की बिअर नाकातून आली.

ग्लेनिस मात्र हसली नाही. "अठ्ठावन्न वर्षांचा आहेस तू. ही खुर्ची गेली तर दुसरी कोण देणार? मुकाट्याने छत्रीत जा."

"अकरा वर्षं मालक म्हणून राहिलोय, ग्लेनिस. आता कुणाच्या हाताखाली जाऊ?"

"मालक! सुट्टी हवी असली की डनिंगबाईंना विचारतोस ना?"

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने डार्लिंग्टनच्या आपल्या हिशेबनिसाला, प्रॉसरला गाठलं. प्रॉसर दर ताशी पैसे घ्यायचा, म्हणून फार सावकाश बोलायचा.

"पॅलिस्टर, नोकराला स्वतः हजर व्हावं लागतं. धंदेवाला आपल्या जागी दुसरा पाठवू शकतो. तुमच्या करारात बदली माणूस पाठवायचा हक्क लिहिलाय. कधी वापरलात?"

"अकरा वर्षांत एकदाही आजारी पडलो नाही."

"तिथेच चुकलात. कागदावर हक्क सगळ्यांकडे असतो. तो वापरून दाखवला, की करखात्याचा बाप आला तरी तुमची कंपनी खोटी ठरवू शकत नाही. एक आठवडा. बस्स."

बदली माणूस म्हणजे अर्थात विल्फ. आणि इथे नॉर्मनने ती गोष्ट केली, जी फक्त इमानी माणूसच करू जाणे. आपल्या कंपनीचा माणूस चारचौघांत अडखळला तर कंपनीची अब्रू जाईल, म्हणून त्याने अकरा वर्षांत डोक्यात साठवलेलं सगळं वहीत उतरवलं. जुने नकाशे कुठे खोटं बोलतात, कुठली झडप कागदावर आहे पण जागेवर नाही, कुठल्या फोरमनला चहा पाजल्याशिवाय मोजमाप मिळत नाही. नव्वद पानं भरली. वही विल्फच्या हातात देताना छाती अशी फुगली, जणू मुलगीच सासरी पाठवतोय.

तो आठवडा नॉर्मनने घरात येरझारा घालून काढला. बुधवारी न राहवून त्याने ऑफिसात फोन केला.

"काही अडलंय का?"

"छे हो," स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. "अगदी सुरळीत चाललंय."

त्या रात्री नॉर्मन जेवला नाही. काहीतरी अडायला हवं होतं. निदान एक झडप तरी.

मार्चअखेर मिस डनिंगने त्याला बोलावलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बिस्किटं पुढे आली की त्या कारखान्यात माणसाने समजून जायचं असतं.

"अभिनंदन. आमच्या वकिलांनी तपासलं. तुमची कंपनी शंभर टक्के खरी आहे. तसं पत्र देतोय."

"आणि करार?"

"तो आज संपतोय ना. पुढचं काम मिस्टर रेस्ट्रिक करतील. ते छत्री कंपनीतून यायला तयार आहेत, दरही कमी आहे."

"पण ते काम माझं आहे! अकरा वर्षं..."

"मिस्टर पॅलिस्टर," ती खरोखर मायेने म्हणाली, "हे काम तुम्हीच करायला हवं असं नाही, हे तुम्हीच तर सिद्ध केलंत."

त्याने विल्फला शिव्या घातल्या, पण त्यात जीव नव्हता.

"घरी बिल भरायचंय रे मलाही," विल्फ म्हणाला. "त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. तू असतास तर नाही म्हणाला असतास?"

नॉर्मनला तेव्हा खोटं बोलता आलं नाही, हीच त्याची खोड.

एप्रिलपासून पॅलिस्टर पायपिंग लिमिटेड इंग्लंडातली सगळ्यात खरी कंपनी झाली. काम सोडून तिच्याकडे सगळं होतं. तीन एजन्सींनी अर्ज ठेवून घेतले, चौथीने वय विचारलं. मे महिन्यात एका सकाळी फोन वाजला आणि नॉर्मन बनियनवरच धावला.

"नॉर्म, विल्फ बोलतोय. सत्तावीस नंबरचा पाईप टाकीमागे कुठून वळतो रे? वहीत नाहीये."

नॉर्मनने डोळे मिटले, टाकी समोर आणली, आणि वळण, उंची, खालचा आधार, सगळं इंचाइंचाने सांगितलं. चुकू नये म्हणून दोनदा.

"कोण होतं?" ग्लेनिसने आतून विचारलं.

"ऑफिसातून."

"बोलावलंय?"

"नाही. पाईप विचारत होते," नॉर्मन म्हणाला आणि फोनजवळच उभा राहिला. न जाणो, लिहून घेताना विल्फचं काही राहिलं असलं तर.