विसाव्यापाशी

सकाळचा माझा नेम ठरलेला आहे. तोंडात पाण्याचा थेंब न घालता चर्चमध्ये जायचं, झाडून काढायचं, मेणबत्ती लावायची, जपमाळ पुरी करायची, आणि मगच घरी येऊन कॉफी घ्यायची. माझा नवरा ओनोफ्रे गेला तेव्हापासून हे चालू आहे. पहिलं वर्ष पायी गेले, आता जायला त्याचाच जुना ट्रक. मागे उघडा हौदा असलेला, ज्यातून तो मेंढ्यांसाठी गवताचे गठ्ठे आणायचा.

आमच्या वस्तीची कच्ची वाट मोठ्या रस्त्याला मिळते. मोठा रस्ता थोडा वर चढतो आणि टेकडीला वळसा घालतो. त्या वळणावर ओनोफ्रेचा विसावा आहे. रस्त्यावर कुणाचा जीव गेला की त्या जागी आम्ही क्रूस उभा करतो, त्याला विसावा म्हणतो. त्याच्या थोरल्या बहिणीने, देल्फिनाने, क्रुसाला निळा रंग दिला आणि कागदी फुलं बांधली. सुटलेलं वासरू पकडायला तो त्या वळणावर धावला होता, आणि मागून खाणीचा डंपर आला.

विसाव्यापाशी प्रत्येक जण गाडी हळू करतो आणि क्रुसाची खूण करतो. मीही करायची. आणि रोज तिथेच ट्रक अडखळायचा. इंजिन बंद पडत नसे, नुसतं श्वास रोखून धरी. ॲक्सिलरेटरचं पेडल पायाखाली दबलेलं असे, पण पुढे काही घडत नसे. जणू मागून कुणी हौद्याची फळी धरून ठेवली आहे. मग एक गचका बसे आणि ट्रक सुटे. दुसरीकडे कुठेही असं होत नव्हतं.

पहिल्या वेळी मी घाबरले. पुढे मी सवयीने म्हणू लागले, “आले बरं का, ओनोफ्रे.”

ही गोष्ट मी फक्त देल्फिनाला सांगितली होती. तिने ती सगळ्या बायकांना सांगितली. रविवारी प्रार्थनेला जाताना बायका मुद्दाम माझ्या ट्रकमध्ये बसू लागल्या. वळण आलं की हौद्यात एकदम शांतता पसरे. गचका बसला की कुणीतरी हळूच रडे. देल्फिना माझा हात दाबून म्हणे, “बघ, सोडवत नाही त्याला.”

एकदा ती असंही म्हणाली, “लिब्रादा, तो तुला थांबवतोय, का बोलावतोय गं?”

त्यानंतर मला ते वळण वेगळं दिसू लागलं. चढ लागला की मान आखडायची. तरीही मी जातच राहिले. खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठीच मी जात होते. दिवसभरात तेवढाच वेळ कुणीतरी मला धरून ठेवत होतं.

मग एका सकाळी मी खूण केली, पेडल दाबलं, ट्रकने श्वास रोखला, आणि आरशात डंपर दिसला. वळणावरून तो अचानक आला होता. भोंगा इतका जवळ वाजला की हातातली माळ खाली पडली. डंपरवाल्याने पलीकडच्या बाजूने गाडी काढली, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

समोरून सेलेदोनिओ येत होता, त्याने सगळं पाहिलं. तो ओनोफ्रेचा मित्र आणि माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोमाद्रे आणि कोम्पाद्रे म्हणतो. गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्या अंगणात दुरुस्त होतात. दुपारी तो हत्यारांची पेटी घेऊन आला.

“कोमाद्रे, ट्रक बघू द्या.”

“तो ट्रकचा दोष नाही, कोम्पाद्रे.”

“मग मी दोष नसलेला ट्रक बघतो. बघायला काय जातं?”

त्याने प्लग काढून पाहिले, टायमिंग तपासलं. इंजिन चालू ठेवून एकेक रबरी नळी चिमटली, आवाज कुठे बदलतो का म्हणून कान लावला. काही सापडलं नाही. शेवटी माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “चला, रोज जाता तशा चला.”

वळणावर ट्रक अडखळला. सेलेदोनिओनेही टोपी काढून खूण केली. मला वाटलं, आता याची खात्री पटली. पण तो पुढच्या सरळ रस्त्यावर, मेंढपाळ रुमाल्दोच्या कुंपणापाशी म्हणाला, “इथे पाय उचला.”

“इथे कशाला?”

“उचला. आता दाबा.”

ट्रकने श्वास रोखला. तोच गचका बसला. रस्त्याकडेला रुमाल्दोच्या मेंढ्या चरत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मी विचारलं, “म्हणजे तो सगळीकडे आहे?”

सेलेदोनिओने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, “कोमाद्रे, तो जिवंतपणी कुठेच वेळेवर पोचला नाही. मेल्यावर रोज सकाळी हजेरी लावेल होय? तुम्ही घरून निघता तेव्हा चोक ओढलेला असतो, इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं, म्हणून दोष लपतो. मोठ्या रस्त्याला लागलात की चोक आत ढकलता. मग सबंध वाटेवर तुम्ही फक्त एकाच जागी पाय उचलून पुन्हा दाबता.”

तो एवढंच बोलला. ती जागा कुठली, हे त्याला सांगावं लागलं नाही. येताना उतार असतो, तेव्हा पेडल दाबावंच लागत नाही, हेही माझं मलाच आठवलं.

घरी आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर बाजूला केला आणि मला कार्बोरेटरच्या तोंडात बघायला सांगितलं. बंद इंजिनातच त्याने पेडलची दांडी हाताने ओढली. “पेडल दाबलं की इथे पेट्रोलची धार उडायला हवी. शेळीच्या आचळातून उडते तशी.” आत काहीच उडालं नाही. त्याने वरचा भाग खोलून ती धार उडवणारा छोटा दट्ट्या बाहेर काढला. सायकलच्या पंपात असतं तसं चामड्याचं वायसर त्याच्या टोकाला होतं. वाळून, कडा आत वळून, ते मनुक्यासारखं झालं होतं.

“हे असं कशाने झालं?” मी विचारलं.

“हा ट्रक बरेच दिवस उभा होता का?”

होता. ओनोफ्रे गेल्यावर सुतकाचं वर्षभर मी त्याला हात लावला नाही. त्यावर काळं कापड घातलं होतं. पेट्रोल उडून गेलं असणार आणि चामडं आतल्या आत सुकत राहिलं असणार. म्हणजे मला धरून ठेवत होतं ते माझंच सुतक होतं. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. फक्त थंडी वाजली.

“तेलात भिजवून कडा उघडतो. सांता फे शहरातून नवीन येईपर्यंत काम देईल,” सेलेदोनिओ म्हणाला.

तेवढ्यात देल्फिना बीन्सचं भांडं घेऊन आली. उघडलेलं बॉनेट पाहून तिने भांडं कठड्यावर ठेवलं.

“काय करतोस?”

“दुरुस्ती.”

“माझ्या भावाला हाकलतोस. हात काढ.”

“तुझा भाऊ असा कार्बोरेटरमध्ये मावेल का गं?”

“लिब्रादा, तू सांग याला. एकदा गेला की तो परत यायचा नाही.”

दोघंही माझ्याकडे पाहत राहिले. सेलेदोनिओच्या तळहातावर ते वाळलेलं वायसर होतं. मी रोज सकाळी जपमाळेच्या शेवटी काय मागते ते मला आठवलं. त्याच्या आत्म्याला विश्रांती दे, असं मागते. आणि तिथे पोचायच्या आधी, वाटेत, मी त्याच आत्म्याला वळणावर उभं राहायला लावत होते. थंडीवाऱ्यात, डंपरांमध्ये, ट्रकची फळी धरून. देवाकडे एक मागत होते आणि पायाने दुसरंच.

“भिजवा, कोम्पाद्रे,” मी म्हटलं.

देल्फिना अंगणात खाली बसली. काम संपेपर्यंत ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रक काढला, तर ती फाटकापाशी उभी. डोक्याला काळा रुमाल बांधलेला. आत येऊन बसली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी चोक आत ढकलला. वळण आलं. मी पाय उचलला, खूण केली, पेडल दाबलं. ट्रक नुसता पुढे गेला. निळा क्रूस खिडकीतून मागे सरकला.

“तू हळू नाही केलीस,” देल्फिना म्हणाली.

“केली.”

“परत जा.”

मी पुढे ट्रक वळवून परत खाली गेले, आणि पुन्हा वर आले. पाय उचलला, खूण केली, पेडल दाबलं. देल्फिनाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, गचका बसायच्या तयारीत. तो बसला नाही. रस्ता रिकामा होता, मागे एकही डंपर नव्हता. इंजिन इतकं सरळ चाललं होतं की तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“आणखी एकदा,” ती म्हणाली.

“नको, देल्फिना. मेणबत्ती लावायची राहिली आहे.”

ती मान वळवून मागच्या काचेतून वळणाकडे बघत राहिली, आणि मी ट्रक चर्चच्या वाटेला घातला.