दादाच्या पत्त्यावरून

दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी धाकटी रोज काम सुरू करण्याआधी आपल्या लॅपटॉपवरून त्याच्या कॉम्प्युटरला पिंग करायची. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत. पडद्यावर ओळ उमटायची, उत्तर आलं. मगच ती चहाला हात लावायची.

पिंग शिकवलं होतं त्यानेच. "पाणबुडी अंधाऱ्या पाण्यात एक आवाज सोडते आणि कान लावून बसते. समोर काही असलं तर तो आपटून परत येतो. त्या आवाजावरून हे नाव पडलं. यात 'कसा आहेस' नाही विचारायचं, वेडे. फक्त 'आहेस का?'"

उत्तर येतंय तोवर त्याची खोली आवरायची नाही, असं तिने आईला बजावलं होतं.

हल्ली मात्र उत्तरं बदलली होती. पूर्वी मिलिसेकंदाच्या आत यायची. आता कधी दहा लागायचे, कधी दोनशे. झोपेतून उठून कुणी ओ द्यावी तशी. दमला असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

त्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन कारण शोधायला आत गेली. टेबलाखाली कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवलेला होता. त्यावर धूळ बसली होती.

"जळका वास यायला लागला होता गं," दारातून आई म्हणाली. "मागेच काढला. तुला सांगायचा धीर झाला नाही."

"पण आज सकाळीही उत्तर आलं!"

आई मटकन खाटेवर बसली. "काय म्हणाला?"

धाकटीने घाईघाईने घरातल्या वाय-फाय राउटरची माहिती उघडली. पिंग जातं ते नेटवर्कवरच्या पत्त्यावर, आणि यंत्र बरेच दिवस बंद राहिलं की राउटर त्याचा पत्ता दुसऱ्या यंत्राला देऊन टाकू शकतो. दादाचा पत्ता आईच्या नव्या फोनला मिळाला होता.

तिने ते समजावून सांगितलं. आईने फोन हातात घेतला.

"म्हणजे हाक त्याला, आणि ओ मी देत होते?"

"हो."

"मेलं, मला कळलंही नाही." आईने फोन बंद करून पालथा ठेवला. "आता मार हाक."

"नको ना, आई."

"मार म्हणते ना. कळू दे दोघींनाही."

धाकटीने कळ दाबली. उत्तर नाही. पुन्हा नाही.

आई उठली, कपाट उघडून दादाचे शर्ट खाली काढू लागली. पडद्यावर त्याच ओळी एकीखाली एक उमटत होत्या. त्या थांबवायची कळ धाकटीला काही दाबवेना.