पडद्याआडचा खोकला

पहिल्या निवडणुकीच्या हिवाळ्यात किन्हीराजाजवळच्या एका गावात, शाळेच्या खोलीत मतदान होतं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. आदल्या दिवशी धाकट्या पाटलाने बायांना बजावलं होतं, "पडद्यामांगं माहा मेलेला बाप उभा राहीन. कोनाच्या पेटीत कागद टाकता, ते तो पाहीन."

गोजराबाई पाटलाच्या शेतात मजुरी करायची. त्याच्या बापाचा, मेलेल्या थोरल्या पाटलाचा, कोरडा, ओढलेला खोकला तिला चांगला ओळखीचा होता.

तेव्हा राजधानी असलेल्या नागपूरच्या विधानसभेच्या मताचा कागद घेऊन ती पडद्याआड गेली, आणि अगदी मानेमागे तोच खोकला ऐकू आला. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. तिने कागद पाटलाने सांगितलेल्या पेटीत टाकला आणि बाहेर आली.

मतदान अधिकाऱ्याने दुसरा कागद पुढे केला. "हा दिल्लीचा, बाई. दिल्लीचं सरकार वेगळं, नागपूरचं वेगळं. म्हणून मतं दोन."

"आन आत कोनी पाहून राह्यलं असन तं?"

"तो हक्क कुणालाच नाही. पाटलाला नाही, मलाही नाही."

"मेलेल्याले?"

अधिकारी हसणार, तेवढ्यात रिकाम्या पडद्याआडून कुणीतरी खोकलं. त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "मेलेल्याला मत नसतं, बाई."

गोजराबाई पुन्हा आत गेली. या वेळी खोकला थेट कानाशी आला, गार श्वासासकट.

"पाह्य, तुले पाह्याचं तं," ती म्हणाली, आणि आपल्या मनातल्या पेटीत कागद सोडला.

बाहेर रांगेतल्या चतुराबाईने भीत भीत विचारलं, "हाय का वं तो आत?"

"हाय," गोजराबाई म्हणाली. "पन त्याले काई करता येत नाई. जाय तू."